मुचकुंदाची गुहा कोणाच्या नावावर?

लांजा तालुक्यात तलाठी म्हणून नोकरी केली आणि इथूनच निवृत्त झालो. जन्मभर समोरच्याला एकच विचारत आलो, 'दस्त कुठाय?' त्यामुळे माचाळच्या गुहेचा विषय निघाला की माझं डोकं आपसूक त्याच वळणाने जातं. याला आता इलाज नाही.

माचाळ हे विशाळगडासमोरचं, सह्याद्रीच्या माथ्यावरचं आमच्या तालुक्यातलं गाव. भांबेड, प्रभानवल्ली, खोरनिनको अशी वाट. पूर्वी खोरनिनकोहून उभा चढ चढावा लागे, आता गाडी वर जाते. तिथल्या गुहेत मुचकुंद ऋषी राहत होते असं अख्खा तालुका मानतो. डोंगरातून निघणारी नदीही त्यांच्याच नावाची, मुचकुंदी. साटवलीच्या जुन्या बंदरावरून ती पूर्णगडला समुद्राला मिळते.

कथा श्रावणात पोथी ऐकणाऱ्याला पाठ असते. देवांच्या बाजूने लढून थकलेला मुचकुंद झोपेचा वर मागतो. जो झोपमोड करील तो भस्म होईल. पुढे कालयवन मथुरेवर चालून येतो. कृष्ण निःशस्त्र पळत सुटतो आणि गुहेत शिरतो. मागून आलेला कालयवन झोपलेल्या माणसाला कृष्ण समजून लाथ मारतो आणि जागच्या जागी जळून जातो. तो झोपलेला माणूस म्हणजे मुचकुंद, आणि ती गुहा म्हणजे आमची.

रस्ता झाल्यापासून वर पर्यटक येतात आणि हमखास विचारतात, 'हे खरंच घडलं का?' कोणी म्हणतो, पाच हजार वर्षांपूर्वीचा पक्का इतिहास आहे. कोणी म्हणतो, सगळं थोतांड. कागद न उघडता निकाल देणारी माणसं मी कचेरीत पुष्कळ पाहिली, तेव्हा यांचं नवल वाटत नाही. वरच्या एका म्हाताऱ्याला मीही एकदा विचारलं होतं. 'भाऊसाहेब, आज्यान सांगितलान, त्याला त्याच्या आज्यान,' एवढंच तो म्हणाला. मला हे उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटतं. आपल्याला माहिती कुठून आली ते त्याने सांगितलं, त्यापलीकडे दावा केला नाही.

आता कागद पाहू. कथा हरिवंशात आहे, विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशात आहे, भागवताच्या दशम स्कंधात आहे. भागवतातला मुचकुंद ऋषी नाही. तो इक्ष्वाकू कुळातल्या मांधात्याचा मुलगा, म्हणजे राजा. गुहा कुठल्या डोंगरात ते भागवत सांगत नाही. कृष्णाने शत्रूला दूर डोंगरातल्या गुहेकडे नेलं, एवढंच म्हणतं. पुढचा भाग तर आम्हाला अडचणीचाच आहे. जागा झालेला मुचकुंद बाहेर येतो, माणसं, जनावरं, झाडं सगळी खुजी झालेली पाहतो, कलियुग आलं असं ओळखतो आणि उत्तरेला निघून जातो. गंधमादन, मग बदरिकाश्रम. मथुरेहून लांजा हजार किलोमीटरहून जास्त दक्षिणेला. कोकणाचं नाव तिथे नाही.

शिवाय याच मिळकतीवर आणखी दावेदार आहेत. राजस्थानात धौलपूरजवळ मचकुंड तीर्थ आहे, गुजरातेत गिरनारला मुचकुंदाची गुहा दाखवतात, उत्तर प्रदेशात ललितपूर जिल्ह्यातही एक आहे. चतुःसीमा लिहिलेली नसली की असंच होतं. ज्याच्या गावात डोंगर आणि गुहा, त्याचा अर्ज.

मग हे कागद तरी कधीचे? भागवताबद्दल आपल्याकडे एक जुना वाद होता. देवगिरीच्या यादवांच्या काळात, तेराव्या शतकात, हेमाद्रीच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाने ते रचलं, असं बरेच जण म्हणत. स्वामी दयानंदांनीही तसं लिहिलं. हा वाद मिटला तो वाद घालून नव्हे, दुसऱ्या एका नोंदीने. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने हिंदुस्थानावर लिहिलेल्या ग्रंथात पुराणांची यादी आहे आणि तीत भागवत आहे. बोपदेवाच्या दोनशे वर्षं आधी ग्रंथ होता, म्हणजे तो त्याचा नव्हे. बहुतेक अभ्यासक भागवत नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपास ठेवतात. हरिवंश आणि विष्णुपुराण त्याहून जुने, पण पाच हजार वर्षांपूर्वीचा साक्षीदार यांतला एकही नाही.

तरी 'थोतांड' म्हणून फाइल बंद करायला माझा हात धजत नाही, याचं कारण कालयवन. यवन म्हणजे ग्रीक, निदान जुन्या काळी. मथुरेवर यवनांचं आक्रमण झाल्याचं गार्गीसंहितेतलं युगपुराणही सांगतं. आणि १९८८ मध्ये मथुरेजवळ मघेरा इथे एक शिलालेख सापडला. विहीर खोदल्याची साधी नोंद, पण काळ दिलाय 'यवनराज्याचं ११६ वं वर्ष'. लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. म्हणजे मथुरेच्या लोकांनी यवनांचं राज्य पाहिलं होतं. कालयवन नावाचा कोणी राजा होता असं यातून सिद्ध होत नाही. पण कथा रचणाऱ्याला यवनांची स्वारी सुचली ती हवेतून नाही. कृष्णाच्या कथेत ही नंतरच्या काळाची आठवण मिसळली असावी, असं माझं मत.

असे थर सुटे कसे करायचे, ते पुण्याच्या भांडारकर संस्थेने दाखवून दिलं. १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पुरं झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली. पुढे प. ल. वैद्यांनी हरिवंशही तसाच सिद्ध केला. मला यातलं सर्वांत मोठं वाटतं ते असं की, वगळलेली ओळ त्यांनी फाडून टाकली नाही. खाली तळटीपेत पोथीच्या खुणेसह ठेवली. पूर्वी सातबाऱ्यावर जुनी नोंद कंसात जायची, खोडली जात नसे, तसंच हे. कोणी, कधी, काय वाढवलं ते पुढच्याला दिसलं पाहिजे.

माचाळची नोंदही मी अशीच वाढीव धरतो. मुचकुंद राजा आमच्या डोंगरात कधी आला, हे ती सांगत नाही; मथुरेची गोष्ट आमच्या डोंगरात येऊन राहिली, हे सांगते. कोणी आणली? घाटावरून उतरलेल्या हरदासाने, की विशाळगडाच्या वाटेने जाणाऱ्या एखाद्या गोसाव्याने? राजाचा ऋषी कोणी केला? गुहेत राहणारा तो ऋषीच, असं गावाने ठरवून टाकलं असेल. आणि नदीला नाव आधी मिळालं की गुहेला? कोकणच्या इतिहासासाठी हे प्रश्न मला कालयवनापेक्षा मोलाचे वाटतात, पण ते फारसं कोणी विचारत नाही.

आता वर फलक लागतील, माहितीपत्रकं निघतील. ती लिहिणाऱ्यांना एक विनंती. 'भागवतात उल्लेख असलेली गुहा' असं लिहू नका, कारण तसा उल्लेख नाही. 'स्थानिक परंपरेनुसार' एवढे दोनच शब्द घाला, देवाचं काही कमी होणार नाही. आणि तुम्ही माचाळला गेलात तर फोटो काढून झाल्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, त्यांना गोष्ट त्यांच्या बोलीत सांगायला लावा, त्यांच्या परवानगीने फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि सांगणाऱ्याचं नाव, वय, वाडी, तारीख त्यासोबत लिहून ठेवा. माचाळच्या या कथेचा आजवर त्यांचं सांगणं एवढाच दस्त राहिलेला आहे आणि तो तोंडी आहे.