कमावती वर्षे सुरतेला

खान्देशातल्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईच्याची ओळख लाल मिरचीची. त्याशिवाय मक्यापासून स्टार्च काढणारा मोठा कारखानाही इथे आहे. पण मिरचीची पोती आणि स्टार्चच्या गोण्या जिथे मोजल्या जातात, त्याच गावातून ताप्ती रेल्वेमार्गावरच्या गाड्यांनी माणसेही सुरतेला जातात, आणि त्यांची मोजदाद नीट होत नाही. स्वस्त मजूर आणि भांडवल यांची गाठ दुसऱ्या रीतीनेही पडते. मेक्सिकोने 1965 साली अमेरिकेच्या सीमेलगत जोडणी कारखान्यांना वाट करून दिली. बाहेरून सुटे भाग यायचे, स्वस्त हातांनी जोडले जायचे, तयार माल परत जायचा. आपल्याकडे कांडल्याचे निर्यात क्षेत्रही त्याच वर्षीचे. या दोन्ही ठिकाणी भांडवल मजुराच्या दारी आले. खान्देशात मजूरच उठून भांडवलाकडे गेला. सुरतेचे बरेचसे कापड देशातच खपते, त्यामुळे हे साम्य पूर्ण नाही. खर्चाची वाटणी मात्र तीच आहे. मुलाला वाढवायचे, शिकवायचे ते शिंदखेडा तालुक्याने. त्याची कमावती वर्षे सुरतेतल्या लिंबायत-उधन्याच्या लूमखात्यांना. तिथे बारा-बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. पाठ धरली, दम लागू लागला की औषधपाण्याला पुन्हा गावच.

यावर कोणी म्हणेल, देश एक आहे, जबरदस्ती कोणाची नाही, आणि कोरडवाहू शेतीत होते तरी काय? हे खरेच आहे. सुरतेच्या पैशाने इकडे घरे उभी राहिली, मुले शिकली. खान्देशी माणसाने तिथे राजकीय वजनही मिळवले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील सुरतेचा काही भाग ज्यात येतो त्या नवसारी मतदारसंघाचे खासदार झाले. पण हे वजन तिथे स्थायिक होऊन मतदार झालेल्यांचे. पेरणीला गावी आणि नंतर पुन्हा लूमवर, अशी ये-जा करणारा दोन्हीकडे अर्धाच राहतो. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत गेलेल्यांसाठी होता. मेहुण्याचे बोट धरून गेलेला त्यात बसतच नव्हता. 2020 च्या कामगार संहितेने स्थलांतरित कामगाराची ही व्याख्या रुंदावली. तरी रोखीने मजुरी घेणाऱ्याचे नाव हजेरीपटावर चढत नाही, तोवर विमा नाही, भविष्यनिधी नाही. म्हणून मागणी जाणे थांबवण्याची नाही. खात्याच्या मालकाने त्याची नोंद करावी, आणि त्या नोंदीवर त्याला दोंडाईच्यातही उपचार मिळावेत. ज्या गावाने कामगार घडवला, त्याच्या म्हातारपणाचा सगळा भार त्याच गावावर टाकणे अन्यायाचे आहे.