अंतरपाटाचा क्षण पुन्हा येत नाही

जुन्नर-आंबेगावकडच्या लग्नात फोटोग्राफर ठरवताना पहिला प्रश्न येतो: कँडिड की पोझचे? कँडिड म्हणजे कोणाला न थांबवता, घडेल तसे टिपलेले फोटो. हळदीतली दंगामस्ती, कानपिळीची ओढाताण, पाठवणीचे डोळे यांना हीच पद्धत हवी. अंतरपाट दूर होतो तेव्हा दोघांची पहिली नजर आणि अक्षता एकाच वेळी पडतात. 'पुन्हा एकदा करा' म्हटले की त्यातला जीवच जातो. इथे शटर खूप जलद हवे, नाहीतर अक्षतांच्या नुसत्या रेघा उमटतात. मांडवाच्या रंगीत कापडातून येणारा उजेड चेहऱ्यांवर लाल-पिवळी झाक टाकतो, म्हणून फोटोग्राफरने मांडव आधी पाहावा.

पण आजी-आजोबा, मामा, भावकी यांचे फोटो मात्र उभे करूनच काढा. माझ्या मते पुढे घरात सर्वांत जास्त हेच पाहिले जातात. घरच्या एका जाणत्या माणसाकडे नावांची यादी द्या, कोणी राहून जात नाही.

शिवनेरी किंवा लेण्याद्रीला प्री-वेडिंग करायचे असेल, तर ती संरक्षित स्मारके आहेत. पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी विचारा.