वाळवंटातला बर्फ आणि पाटणादेवीचा धबधबा

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सातवीच्या वर्गात एका मुलीने घरचा मोबाइल आणला होता. तिचा काका दुबईत वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याने पाठवलेले फोटो तिला सगळ्यांना दाखवायचे होते. ढगात घुसलेला मनोरा, नाचणारं कारंजं, फुलांच्या कमानी आणि भर वाळवंटात बर्फावरून घसरणारी मुलं! वर्ग फोटोंभोवती गोळा झाला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपल्या चाळीसगावात पाहण्यासारखं काय आहे?" दुसऱ्याने उत्तर दिलं, "रेल्वे जंक्शन." वर्ग हसला.

आम्हीही हसलो, पण ते हसणं मनात राहिलं. आपलं गाव म्हणजे उन्हाळा, धूळ आणि टँकर. पाहण्यासारखं सगळं दुसरीकडे, असं मुलांनी बाराव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. "दुबईचं काय एवढं कौतुक" असं म्हणून फोटो बाजूला सारणं सोपं होतं, पण ते खरंही नव्हतं. त्या शहरात कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे. म्हणून आम्ही विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्यांनी मिळून ठरवलं, की आधी वर्गातच दुबईची सहल काढायची. अट एकच. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारायचे: इथलं पाणी कुठून आलं? इथला गारवा कुठून आला? आणि गारवा करताना काढलेली उष्णता कुठे गेली?

मनोऱ्यावर सूर्य उशिरा मावळतो

पहिला मुक्काम बुर्ज खलिफा. उंची ८२८ मीटर, जानेवारी २०१० मध्ये खुला झाला. १२४ व्या मजल्यावर, म्हणजे सुमारे ४५२ मीटरवर, प्रेक्षकांसाठी गच्ची आहे. तिथून मावळता सूर्य जमिनीवरच्या माणसापेक्षा सुमारे तीन मिनिटं जास्त दिसतो.

फळ्यावर पृथ्वीचं वर्तुळ काढा, त्यावर एक उभी काडी काढा आणि काडीच्या टोकापासून वर्तुळाला स्पर्शिका काढा. टोक जितकं उंच, तितकी स्पर्शिका खाली झुकते आणि क्षितिज लांब जातं. ४५२ मीटर उंचीसाठी हा झुकाव सुमारे ०.६८ अंश येतो. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे पावणेतीन मिनिटं झाली. दुबईच्या अक्षांशावर सूर्य थोडा तिरका मावळतो, म्हणून जवळजवळ तीन. हे केवळ गणित नाही. २०११ च्या रमजानमध्ये तिथल्या धर्मखात्याने सांगितलं, की ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं उशिरा रोजा सोडावा.

इथे एका मुलाने विचारलं, "मग पृथ्वी गोल आहे हे खालून का कळत नाही?" या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तल्या गोलाध्यायात आहे. मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग पाहिला तर तो सरळच वाटतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस चिमुकला, म्हणून त्याला ती सपाट भासते. आणि या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, जो मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवरच्या पाटणला सापडला. तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. मठ म्हणजे एक शाळाच की! वर्गात क्षणभर शांतता झाली. जंक्शनच्या पलीकडेही काही आहे, हे तेव्हा मुलांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

बर्फ होतो म्हणजे काय होतं?

दुसरा मुक्काम बर्फाचा. २००५ मध्ये एका मोठ्या बाजारसंकुलात 'स्की दुबई' सुरू झालं. सुमारे ८५ मीटर उंच बंदिस्त उतार आहे आणि घसरण्याची सर्वांत लांब वाट ४०० मीटर आहे. बाहेर ४२ अंश सेल्सिअस असताना आत तापमान शून्याच्या एक-दोन अंश खाली ठेवतात. भिंती आणि छताला उष्णतारोधक थर आहेत. थर्मासमधला चहा गरम राहतो त्याच तत्त्वावर इथे आतला बर्फ थंड राहतो. गार पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत फवारले, की ते खाली पडेपर्यंत गोठतात.

तिसरा प्रश्न इथे खरा कामाला येतो. थंडी म्हणून काही वस्तू नसते, ती "तयार" करता येत नाही. फक्त उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकता येते. ३० अंशांच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायचा तर शून्य अंशापर्यंत आणायला सुमारे १२६ किलोज्यूल आणि गोठवायला ३३४, म्हणजे ४६० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. या ३३४ ला आपली पुस्तकं 'अप्रकट उष्मा' म्हणतात. काढलेली ४६० किलोज्यूल बाहेर जातात आणि ती काढायला यंत्राने वापरलेली वीजही उष्णता होऊन बाहेरच जाते. मुलांना फ्रीजच्या मागे किंवा बाजूला हात नेऊन पाहायला सांगा. फ्रीज आत गार आणि बाहेर गरम का, ते त्यांना लगेच कळेल.

काकाची ती पुतणी तेव्हा म्हणाली, "काका तिथेच असतो, सर. गच्चीवर, त्या गरम हवेत. आत बर्फात तो अजून गेलेला नाही." हे पाठ्यपुस्तकात नसतं, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. शरीराला तेवढी उष्णता झेपत नाही म्हणूनच हा नियम करावा लागला.

दुबईत माठ का चालत नाही?

इतकी वीज घालवण्यापेक्षा माठ आणि कूलर वापरावेत, असं एकाने सुचवलं. सूचना चांगली होती, पण दुबई वाळवंटात असली तरी समुद्राकाठी आहे. उन्हाळ्यात तिथली हवा फार दमट असते. गार खोलीतून बाहेर पडलं की चष्म्यावर धुकं धरतं.

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्हींना वारा घाला. हा प्रयोग आम्ही पुढे एप्रिलमध्ये वऱ्हांड्याच्या सावलीत केला. कोरड्या तापमापकात ४१ अंश होते, ओल्यात २३. माठातलं पाणी फार तर या ओल्या तापमापकाइतकं गार होऊ शकतं. खानदेशची हवा कोरडी, म्हणून आपल्याला अठरा अंश फुकट मिळाले. दुबईच्या ऑगस्टमध्ये तापमान ४० आणि आर्द्रता ५० टक्के असली, तर ओला तापमापक तीस अंशांच्या आसपासच थांबतो. तिथे माठ निकामी आणि यंत्र अपरिहार्य. ज्या कोरड्या उन्हाळ्याला आपण शिव्या घालतो, तोच आपला माठ गार करतो!

वीज नव्हती तेव्हाही तिथे माणसं राहत होती. अल फहिदी या जुन्या वस्तीत आजही 'बारजील' नावाचे वाऱ्याचे मनोरे पाहायला मिळतात. घराच्या वर चौकोनी धुराड्यासारखा मनोरा असतो. उंचावरचा वारा त्यात अडतो आणि खाली खोलीत उतरतो. वारा पडला, की आतली गरम हवा त्यातूनच वर निघून जाते. जोडीला जाड भिंती. आपल्याकडच्या मातीच्या जाड भिंतींच्या धाब्याच्या घरांचं हे लांबचं नातेवाईक म्हणायचं.

दमट हवेचा एक फायदाही आहे. वातानुकूलन यंत्राच्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ जमून पाणी ठिबकतं. बुर्ज खलिफात हे पाणी साठवतात. वर्षाकाठी ते सुमारे साडेपाच कोटी लिटर भरतं आणि झाडांना दिलं जातं.

कारंज्याचा आणि पावसाचा हिशेब

मनोऱ्याच्या पायथ्याशी २००९ पासून कारंजं आहे. त्याची सर्वांत उंच धार सुमारे १५० मीटर जाते, म्हणजे कुतुबमिनारच्या दुप्पट. एक लिटर पाणी एवढं वर न्यायला हवेचा अडथळा सोडला तर सुमारे दीड किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच एक लिटर पाणी समुद्रातून गोडं करायला मात्र त्याच्या सुमारे आठपट लागते!

दुबईत वर्षाला पाऊस पडतो शंभर मिलिमीटरच्या आसपास. नदी नाही. त्यामुळे पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं. ते दोन रीतींनी गोडं करतात. एक रीत ऊर्ध्वपातनाची: उकळा आणि वाफ थंड करा. दुसरी रीत म्हणजे अतिशय बारीक पडद्यातून मोठ्या दाबाने पाणी ढकलायचं. पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. दुसऱ्या रीतीने हजार लिटरना साधारण साडेतीन युनिट वीज लागते. उरलेलं खारटढाण पाणी परत समुद्रात जातं.

आता हेच काम सूर्य कसं करतो ते पाहा. समुद्रातून हजार लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६८० युनिटांइतकी उष्णता लागते. पडद्याची यंत्रं त्याच्या जवळजवळ दोनशेव्या हिश्श्यात मीठ वेगळं करतात. माणसाच्या बुद्धीला दाद द्यायलाच हवी. पण साडेतीन युनिटांचं बिल येतं. सूर्याच्या ६८० युनिटांचं येत नाही. शिवाय तो ते पाणी शेकडो किलोमीटर वाहून आपल्या दारात आणून टाकतो, तेही फुकट.

मुलांनी शाळेची गच्ची मोजली. एका वर्गाच्या डोक्यावरची दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद गच्ची धरली, तर दहा मिलिमीटरच्या एका सरीत तिच्यावर हजार लिटर पाणी पडतं. चाळीसगावला वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे या एका गच्चीवर पासष्ट ते सत्तर हजार लिटर. तेवढ्याच गच्चीवर दुबईत दहा हजार. "आणि ते आपण गटारात सोडतो," मघाशी जंक्शन म्हणालेला मुलगा म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

फुलांच्या कमानी होत्या त्या 'मिरॅकल गार्डन'च्या. २०१३ मध्ये सुरू झालेली ही बाग थंडीच्या मोसमापुरतीच उघडी असते. कडक उन्हाळ्यात बंद. झाडांना शुद्ध केलेलं सांडपाणी ठिबकने देतात. ठिबक म्हटल्यावर मुलं एकदम घरच्यासारखी बोलू लागली. जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पोरांना ठिबकच्या नळ्या काय नवीन! वाळवंटातल्या श्रीमंत शहराची बाग आणि आपल्या काकांचं शेत एकाच युक्तीवर जगतात.

खरी सहल

फेब्रुवारीत आम्ही मुलांना पाटणादेवीला नेलं. गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत देवीचं जुनं देऊळ आहे. मुलांनी काळ्या पाषाणातलं काम पाहिलं, भास्कराचार्यांची गोष्ट पुन्हा सांगितली. मग केदारकुंडाकडे निघालो. पावसाळ्यात इथला धबधबा जोरात कोसळतो. आता कडा कोरडा होता.

मुलं हिरमुसली. "सर, याचं बटण कुठे आहे?" एकाने विचारलं. मग तिथेच सावलीत बसून आम्ही तेच तीन प्रश्न विचारले. पाणी कुठून येतं? पावसाळी ढगांतून. गारवा कुठून? मुलांनी तापमापक काढला. झाडीतली सावली आणि उघडा खडक यांत चांगलाच फरक निघाला. पानांतून बाष्पोत्सर्जन होतं. म्हणजे झाड हा एक हिरवा माठच. उष्णता कुठे गेली? वाफेबरोबर वर, पुढच्या ढगात. इथे कोणी गच्चीवर भाजत नव्हतं.

पण धबधबा कोरडा होता हेही खरं. झाडी टिकली तर पाणी मुरतं आणि झरे जास्त दिवस वाहतात; झाडी गेली तर चार दिवसांत ओढ्याने वाहून जातं. दुबईत बर्फ वितळू लागला तर दोष कोणत्या यंत्रात आहे, ते मापकावर दिसतं आणि लगेच दुरुस्ती होते, कारण पैसे मोजलेले असतात. आपल्याकडचं यंत्र फुकट मिळालेलं, म्हणून त्याचा मापक कोणी पाहतच नाही.

परतल्यावर मुलांनी दोन गोष्टी मागितल्या: शाळेत एक पर्जन्यमापक आणि गच्चीच्या पन्हळीखाली एक टाकी. पर्जन्यमापक त्यांनी बाटली कापून स्वतःच केला. टाकीसाठी शाळा समितीकडे अर्ज दिला आहे. अर्जात हिशेब त्यांनीच मांडला आहे, ६८० युनिटांसकट.

तुमच्या शाळेच्या आसपासही असं एखादं ठिकाण असेल: बारव, तळं, देवराई, नाहीतर जुना वाडा. तिथे हे तीन प्रश्न घेऊन जा. कोरड्या आणि ओल्या तापमापकाच्या नोंदी कोकणात किती येतात, विदर्भात किती, हे जाणून घ्यायची आमच्या मुलांना उत्सुकता आहे. नोंदी जरूर कळवा.