मापट्यातली मासळी

भीमा आणि मांजरा या नद्यांचा हिशेब आपण टीएमसीत करतो आणि धरणांतल्या मासळीचा टनांत. बोटभर लांबीची नदीतली मासळी या दोन्ही हिशेबांबाहेर राहते. नदीची प्रकृती जोखायला मात्र तीच अधिक कामाची, कारण रोहू-कटल्याचे बीज बाहेरून आणून सोडता येते, तर ही मासळी नदीतच जन्मते आणि नदी देईल त्यावरच वाढते. विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, त्यांत आज ऑस्टिओब्रामा विगोर्साय म्हणून ओळखला जाणारा चपट्या अंगाचा चंदेरी मासा होता. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांत तो आढळतो. भीमा कृष्णेला मिळते, मांजरा गोदावरीला. तेव्हा भीमेकाठच्या कलबुर्गी आणि मांजरेकाठच्या बिदर या शेजारी जिल्ह्यांना एकाच माशावरून आपापली नदी तपासता येईल.

त्यासाठी लांबी मोजायची पट्टी आणि ग्रॅमचा काटा पुरतो. अवघड आहे ते आकड्यांचा अर्थ लावणे. वजनाला लांबीच्या घनाने भागून शंभराने गुणले की माशाचा सुदृढता गुणांक निघतो. दहा सेंटिमीटरचा मासा बारा ग्रॅम भरला, तर १.२. पण हे सूत्र धरून चालते की लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते, म्हणजे घातांक नेमका ३ असतो. तो ३.२ असेल, तर वजन नऊपटीहून थोडे जास्त होते आणि माशाच्या तब्येतीत काहीही फरक न पडता गुणांक पंधरा टक्क्यांनी वाढतो! म्हणून १९५१ मध्ये ले क्रेन यांनी सुचवलेली सापेक्ष पद्धत मला अधिक पटते. तिच्यात माशाचे वजन त्याच जातीच्या, त्याच लांबीच्या माशाच्या अपेक्षित वजनाशी ताडून पाहतात.

अंड्यांनी पोट भरलेली मादी जड भरणारच, मग या आकड्यावर विसंबायचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे तुलना त्याच महिन्यातली, त्याच लिंगाची करायची आणि शक्य तेव्हा आतडी-अंडाशय काढून वजन घ्यायचे. पाणी प्रयोगशाळेत तपासले की झाले, असेही म्हटले जाते. पण बाटलीतले पाणी त्या दिवसाचे असते, माशाच्या अंगावर मागच्या कित्येक आठवड्यांचे खाणेपिणे असते. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. निम्मे मासे मेले, तर उरलेल्यांना खाद्य जास्त मिळते आणि ते गुबगुबीत दिसतात. म्हणजे नदी आजारी आणि मासा धडधाकट. हे खरे आहे, आणि म्हणूनच नुसता गुणांक कधीही छापू नये. सोबत एका जाळ्यात किती मासे आले, त्यांत पिल्ले किती आणि मोठे किती, हेही द्यायला हवे. पिल्लेच दिसत नसतील, तर जाडजूड माशांचा आनंद फसवा ठरतो.

कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय, पशू आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बिदरमध्येच आहे. भीमेवर अफजलपूर तालुक्यातल्या सोन्न बंधाऱ्याच्या वर आणि खाली, तसेच मांजरेच्या खोऱ्यातल्या कारंजा धरणाजवळ, वर्षभर अशी मोजणी त्याने हाती घ्यावी. सुरुवात पाणी डोहांपुरते उरते त्या मे महिन्यापासून करावी, म्हणजे पुरानंतरची वाढ कशाशी ताडायची ते आधीच हाती असेल.