एअर फ्रायरमध्ये बीफ रोस्ट चिवट का होतो? मऊ हवा असेल तर नेमकं काय करायचं?

ब्रिटनमध्ये रविवारची दुपार म्हणजे रोस्ट. बीफचा अख्खा तुकडा ओव्हनमध्ये भाजायचा, सोबत भाजलेले बटाटे, यॉर्कशायर पुडिंग आणि ग्रेव्ही. २०२२ मध्ये तिथली विजेची बिलं भडकली आणि दोन-तीन माणसांच्या जेवणासाठी मोठा ओव्हन तापवणं अनेकांना जड जाऊ लागलं. रोस्टसुद्धा मग एअर फ्रायरमध्ये होऊ लागला. पण अनेकांचा पहिला अनुभव सारखाच असतो: बाहेरून करपलेला, आतून रबरासारखा. किलोभर बीफ तिथेही स्वस्त मिळत नाही, त्यामुळे ही चूक महागात पडते.

गडबड बहुतेक वेळा दोन ठिकाणी होते. तुकडा निवडताना आणि तापमान ठरवताना.

एअर फ्रायर नेमकं काय करतो?

नावात 'फ्रायर' असलं तरी त्यात तळणं होत नाही. वर तापणारी कॉइल, तिच्याजवळ पंखा आणि खाली लहानशी बंद जागा. म्हणजे हा एक छोटा, जोरदार वाऱ्याचा ओव्हनच. फिलिप्स कंपनीनं २०१० मध्ये 'एअरफ्रायर' बाजारात आणला, तो फ्रेंच फ्राइजसारख्या लहान तुकड्यांच्या पदार्थांसाठी. गरम वारा पृष्ठभागावरचं पाणी झटकन उडवतो, म्हणून बाहेरचा थर लवकर खरपूस होतो. पण किलोभर मांसाच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला तिचा वेळ लागतोच. २०० अंशांवर तासभर ठेवलं, तर मधला भाग शिजेपर्यंत बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कोरडा ठक्क होतो.

मांस चिवट कधी होतं?

मांसात धाग्यांसारखे स्नायू असतात आणि त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन असतं. साधारण ५० अंश सेल्सिअसपासून स्नायूंमधली प्रथिनं आकसायला लागतात. ६० ते ६५ अंशांच्या आसपास कोलॅजनही आकसतं आणि ओला टॉवेल पिळावा तसा आतला रस बाहेर पडतो. ७० अंशांच्या पुढे तुकडा राखाडी आणि घट्ट.

मग घरचा रस्सा तासभर उकळूनही मऊ कसा होतो? कारण ओलाव्यात, जास्त वेळ शिजवलं की तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. पण त्याला तास लागतात आणि ओलावा लागतो. वाऱ्याच्या या यंत्रात दोन्ही मिळत नाहीत.

म्हणून तुकडा महत्त्वाचा. मांडीचा टॉपसाइड किंवा पाठीचा सरलॉइन चालतो, कारण त्यात कोलॅजन तुलनेनं कमी. खांद्याचा चक आणि छातीचा ब्रिस्केट स्वस्त आणि चवदार असतात, पण ते झाकणाच्या भांड्यात तीन-चार तास शिजवायचे. ते उघडेच एअर फ्रायरमध्ये टाकले, तर कितीही काळजी घेतली तरी चिवट राहणार.

करायचं कसं?

एक किलोचा टॉपसाइड धरू. आदल्या रात्री त्याला सगळीकडून मीठ (साधारण दोन चहाचे चमचे) चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवायचा. मीठ आत मुरतं आणि वरचा थर सुकतो. शिजवताना तेलाचा हलका हात आणि मिरी लावायची. २०० अंशांवर दहा मिनिटं, मग तापमान १५० वर आणून साधारण अर्धा तास. मध्ये एकदा उलटायचा. चारही बाजूंनी वारा खेळेल एवढी जागा बास्केटमध्ये हवी.

सुरुवातीचा मोठा आच 'रस आत कोंडण्यासाठी' असतो, हा एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा समज. तो केव्हाच खोटा ठरलाय. आच रंगासाठी आणि चवीसाठी असतो, इतकंच.

मिनिटं मात्र अंदाजाचीच. प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक तुकडा वेगळा. खरा आधार मीट थर्मामीटरचा. कमी तापमानावर वीस मिनिटं झाली की मधोमध टोचून बघायचं. आतून गुलाबी हवा असेल तर ५२ ते ५४ अंशांना बाहेर काढायचा. फॉइलनं सैल झाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवला की आतलं तापमान आणखी काही अंश चढतं आणि रसही ताटात सांडत नाही. त्यातून झिरपणारं लालसर पाणी रक्त नसतं, तो मायोग्लोबिन या प्रथिनाचा रंग असतो.

शेवटी सुरी. धागे ज्या दिशेनं जातात त्याच्या आडव्या दिशेनं, पातळ काप. धाग्यांच्या बाजूनंच कापलं, तर नीट शिजलेला रोस्टही चघळत बसावा लागतो.

गुलाबी बीफ खाणं सुरक्षित आहे का?

अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, म्हणून बाहेरून नीट भाजलेला आणि आतून गुलाबी तुकडा ब्रिटनची अन्न सुरक्षा यंत्रणा चालवून घेते. पण उघडून, गुंडाळून दोऱ्यानं बांधलेल्या रोल्ड रोस्टला ही सूट नाही, कारण बाहेरची बाजू आत गेलेली असते. खिम्यालाही नाही. हे आतपर्यंत ७० अंशांवर दोन मिनिटं शिजायला हवेत. अमेरिकेचं कृषी खातं आणखी सावध आहे: अख्ख्या तुकड्यालाही ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती. गर्भवती, लहान मुलं, वयस्क आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी गुलाबीच्या फंदात पडू नये.

महाराष्ट्र आणि गोव्यात?

महाराष्ट्रात गोहत्याबंदी जुनी आहे; मार्च २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे राज्यात कायदेशीरपणे कापलेलं 'बीफ' म्हशीचं किंवा रेड्याचं असतं. ही जनावरं बहुतेकदा वयानं मोठी, म्हणून कोलॅजन जास्त आणि घट्ट. परदेशी रेसिपीतली मिनिटं त्याला लागू पडत नाहीत. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतला रोस्ट आलं-लसूण, मिरी आणि व्हिनेगर लावून झाकणाच्या भांड्यात सावकाश शिजवतात, ते अशा मांसाला जास्त मानवतं. एअर फ्रायर हवाच असेल, तर आधी कुकरमध्ये मऊ करून शेवटची दहा मिनिटं खरपूस करायला वापरावा.

उरलेला रोस्ट दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा एअर फ्रायरमध्ये टाकला तर हमखास कडक होतो. थंडच पातळ कापून सँडविचमध्ये घालावा, किंवा काप उकळत्या ग्रेव्हीत सोडून चांगले गरम करावेत.