आधी ब्रेक, मग वेग

जुनी फोर्ड, छत कापलेलं, मडगार्ड गायब, इंजिन उघडं. असा 'हॉट रॉड' रीलवर दिसला की लाइक पडतोच. पण ऐंशी वर्षांपूर्वी घरामागच्या शेडमध्ये ही गाडी बनवणारी पोरं नेमकं काय करत होती? आणि ते आपल्या पडवीतल्या स्कूटरला लागू पडतं का?

आमच्या सांगलीच्या घरी मागच्या पडवीत आजोबांची १९७४ ची चेतक उभी आहे. उभी म्हणजे, तिचा नुसता पत्रा उभा आहे. बाकीची स्कूटर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांमध्ये आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या आत्तेभावाने ती उघडली. दोन दिवसांत सगळी खोलून मोकळे झालो. खोलायला काय, पाने-पकड आणि उत्साह पुरतो.

भांडण सुरू झालं तिसऱ्या दिवशी. भाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याने अमेरिकन हॉट रॉडचे इतके व्हिडिओ बघितलेत की झोपेतही वेल्डिंग करत असेल. त्याचा प्लॅन तयार होता. पुढचा मडगार्ड कापायचा, मागच्या दोन्ही बाजूंचे फुगवटे उडवायचे, सीट खाली घ्यायची आणि रंग न देता गंज तसाच दाखवायचा. "हॉट रॉड स्टाइल करू गं ताई, भारी दिसेल!"

आजोबा ८१ वर्षांचे आहेत. ते चिडले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "कापलेलं परत जोडता येतं का रे?"

आम्ही दोघंही गप्प. या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून मी हॉट रॉडच्या मागे लागले.

गरिबांची रेस कार

गोष्ट सुरू होते १९३२ मध्ये. अमेरिकेत मंदी होती आणि हेन्री फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत चक्क व्ही-८ इंजिन बसवलं. म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या. ताकद ६५ हॉर्सपॉवर. आज हा आकडा आपल्या छोट्या हॅचबॅकचा वाटतो, पण तेव्हा एवढी ताकद ५०० डॉलरच्या आतल्या गाडीत मिळणं ही कमाल होती. ३२ मधला शेवटचा दोन, म्हणून पत्त्यातल्या दुर्रीवरून या मॉडेलला 'ड्यूस' हे टोपणनाव पडलं. १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी' या सिनेमातली पिवळी गाडी आठवते? ती हीच.

काही वर्षांत या गाड्या सेकंडहँड बाजारात आणि भंगारात स्वस्तात मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांकडे पैसे नव्हते, पण वेळ होता, आणि जवळच मोहावे वाळवंटातली कोरडी पडलेली तळी होती. म्युरॉक, एल मिराज. मैलोन् मैल सपाट, कडक जमीन. तिथे गाडी पळवायची आणि घड्याळ लावून वेग मोजायचा.

आता गंमत बघा. आज ज्याला आपण 'हॉट रॉड लुक' म्हणतो, तो तेव्हा लुक नव्हताच. मडगार्ड काढले, कारण वजन कमी होतं. छताचे खांब कापून दोन-तीन इंचांनी बुटके केले, कारण हवेचा अडथळा कमी होतो. पुढचा अॅक्सल खाली घेतला, कारण गाडी जमिनीला धरून राहते. आणि नुसता प्रायमर मारलेली गाडी? रंगाला पैसे उरले नव्हते म्हणून! पैसे आले की तीच पोरं झकास रंग द्यायची. मुद्दाम गंज मिरवणं ही खूप नंतरची फॅशन आहे.

म्हणजे प्रत्येक कापाला कारण होतं. माझ्या वहीत या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्यात.

वय वर्षे २१

ही पोरं म्हणजे कोण? आपल्याच वयाची होती. रॉबर्ट पीटरसनने १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' हे मासिक काढलं तेव्हा तो २१ वर्षांचा होता. लॉस एंजेलिसमधल्या गाड्यांच्या प्रदर्शनाबाहेर उभं राहून त्याने अंक विकले. एका अंकाची किंमत २५ सेंट. (इंटर्नशिपमध्ये रोज एक कॉपी परत येणाऱ्या मला हे वाचून जरा लाज वाटली.)

अॅलेक्स झिडियस १९४६ मध्ये सैन्यातून सुटला आणि त्याच दिवशी त्याने बर्बँकमध्ये 'सो-कॅल स्पीड शॉप' उघडलं. तो २३ वर्षांचा होता. युद्धातल्या लढाऊ विमानांना खालून जादा इंधनाची टाकी लावायचे. थेंबासारखा आकार, हवा कापत जाणारा. युद्ध संपल्यावर या टाक्या भंगारात आल्या आणि बिल बर्क नावाच्या पठ्ठ्याने तिच्यातच इंजिन आणि सीट बसवून गाडी केली! पुढे झिडियसच्या टीमने अशीच टाकीची गाडी १९५२ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १९८ मैल, म्हणजे साधारण ३१८ किलोमीटर वेगाने पळवली.

आणि या सगळ्यात एक बाई होती. वेडा ऑर. त्या स्वतः तळ्यांवर गाडी पळवायच्या. युद्धाच्या काळात क्लबची पोरं सैन्यात पांगली, तेव्हा त्या क्लबचं बातमीपत्र तयार करून त्यांना पाठवत राहिल्या.

पण सगळंच गोड नव्हतं. तळ्यांवर जायच्या ऐवजी काही जण शहराच्या रस्त्यावरच शर्यती लावायचे. त्यात माणसं मरायची, पोलीस मागे लागायचे, हॉट रॉड म्हणजे गुंडगिरी असं समीकरण झालं. १९३७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातले क्लब एकत्र आले आणि त्यांनी संघटना बनवली, १९५१ मध्ये 'एनएचआरए' ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली, ती शर्यत रस्त्यावरून उचलून नियमात बसवायला. गाडी आधी तपासायची, मगच पळू द्यायची. बंडखोर म्हणून ज्यांचे पोस्टर आपण लावतो, त्यांनीच स्वतःसाठी नियम लिहिले होते.

घरच्या शेडमध्ये

आजही अमेरिकेत लोक घरी 'ट्रॅडिशनल' हॉट रॉड बनवतात. ट्रॅडिशनल म्हणजे १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जे सुटे भाग आणि ज्या पद्धती होत्या, त्याच वापरायच्या. काम साधारण या क्रमाने जातं.

सुरुवात चेसिसपासून. जुन्या फोर्डची बॉडी चेसिसवर बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे ती उचलून बाजूला ठेवता येते. चेसिस सपाट जमिनीवर ठेवून कर्ण मोजतात. दोन्ही कर्ण सारखे नसले तर चेसिस पिळलेलं आहे आणि पुढचं सगळं वाकडंच होणार.

मग इंजिन. फोर्डचं हे 'फ्लॅटहेड' व्ही-८ अमेरिकेत १९३२ ते १९५३ पर्यंत बनलं. त्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असतात आणि तापलेला धूर ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर पडतो. म्हणून ते तापतं आणि म्हणूनच त्याला तडे जातात, बहुतेकदा व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत. अनुभवी माणूस ब्लॉक विकत घेतल्यावर पहिला खर्च करतो तो तडे तपासण्यावर. चमकदार कार्ब्युरेटर नंतर.

आणि मग ब्रेक. इथे मी थबकले. १९३२ च्या फोर्डला ब्रेक होते ते सळयांनी ओढले जाणारे, यांत्रिक. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले थेट १९३९ मध्ये. त्यामुळे जुन्या गाडीत जोरदार इंजिन टाकणाऱ्या पोरांनी १९३९ नंतरच्या फोर्डचे ब्रेक काढून आपल्या गाडीला लावायला सुरुवात केली. तो आजही ट्रॅडिशनल रॉडचा ठरलेला बदल आहे. पळण्याआधी थांबायची सोय!

छत कापणं व्हिडिओत पाच मिनिटांत होतं. प्रत्यक्षात खांब तिरके असतात, त्यामुळे मधला तुकडा काढला की वरचा भाग खालच्यावर जुळतच नाही. खांब वाकवावे लागतात किंवा छत चिरून लांब करावं लागतं. दरवाजे, काचा सगळं नव्याने. एक काप आणि महिनाभराचं काम.

शेवटी सगळी गाडी रंगाशिवाय एकदा पूर्ण जोडतात. चालवून बघतात. काय घासतं, काय गळतं ते कळलं की परत खोलतात आणि मगच रंग. याला धीर लागतो आणि इथेच बरेच प्रोजेक्ट अडकतात. आपल्याकडे श्रीखंडाचे डबे, तिकडे कॉफीचे. गोष्ट तीच.

इथे चालेल का?

सरळ सांगायचं तर, रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं.

जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पहिली नोंदणी २० हजार रुपये, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. अट एकच, पण मोठी. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. शिवाय ती रोज कॉलेजला न्यायला नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

म्हणजे हॉट रॉड इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही. यावर चिडता येईल. भाऊ चिडलाच. "आपल्याकडे काही करूच देत नाहीत!" मलाही थोडं पटतं. शिकायला जागा हवी, सुरक्षित ट्रॅक हवेत, तपासून परवानगी देणारी सोय हवी. पण ती नाही म्हणून चौकात मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून फिरणं म्हणजे हॉट रॉडिंग नव्हे. त्या पोरांनीही आधी रस्ता सोडला होता.

आणि चेतक?

एवढं सगळं वाचून मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेले, भावासमोर वही उघडली आणि दोनच गोष्टी सांगितल्या.

पहिली. त्या पोरांनी जे कापलं ते तेव्हा ढिगाने मिळणारं भंगार होतं. ही चेतक आपल्याकडे एकच आहे.

दुसरी. फोर्डला वेगळं चेसिस होतं, म्हणून बॉडी कापली तरी गाडीचा कणा शाबूत राहायचा. चेतकला वेगळं चेसिसच नाही. तिचा पत्रा हाच तिचा कणा. मनाला येईल तिथे कापलं तर स्कूटर वाकणार.

दुसरी गोष्ट त्याला लगेच पटली. इंजिनिअर आहे ना! पहिली पटायला जरा वेळ लागला. मग तोच म्हणाला, "ठीक आहे, कापायची नाही. पण क्रम त्यांचाच ठेवू. आधी ब्रेक."

तसंच केलं. डबे ओतून प्रत्येक भागाला चिठ्ठी लावली (हे खोलतानाच करायला हवं होतं, तुम्ही करा). दोन्ही चाकांचे ड्रम साफ केले, नवे ब्रेक लायनर टाकले. केबल पत्र्याच्या आतून जातात, तिथे आमचे दोन दिवस गेले. शेवटी आजोबांनी युक्ती सांगितली, जुनी केबल ओढून काढायच्या आधी तिच्याच टोकाला नवी बांधायची. जुनी बाहेर येते, तीच नवीला वाट दाखवते. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही विचारलंत कुठे?"

चाकं बसली तेव्हा आम्ही स्कूटर अंगणात ढकलत आणली. इंजिन अजून टेबलावरच आहे. आजोबा सीटवर बसले, भावाने मागून ढकललं आणि फाटकाच्या अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला. स्कूटर जागच्या जागी थांबली.

"आता इंजिनाचं बघा," म्हणाले आणि उतरले. किक मारायच्या आधी स्कूटर कशी तिरकी करायची, ते मात्र तेच दाखवणार आहेत.