भीतीचे भांडवल आणि पडद्याची टंचाई

चित्रपट हा कलाव्यवहार असला, तरी त्याचा पाया भांडवलाचा आहे. नट, संगीत, परदेशातील चित्रीकरण, जाहिरात या सर्वांना पैसा लागतो आणि ज्याच्यापाशी तो नाही, त्याला या क्षेत्रात सहसा थारा मिळत नाही. या नियमाला एक ठळक अपवाद आहे, तो भयपटाचा. भयाचा परिणाम बहुतांशी न दाखविण्यावर अवलंबून असतो. अर्धवट उघडे दार, ओसाड वाडा, कंदिलाच्या उजेडापलीकडचा अंधार या गोष्टी पडद्यावर आणण्यास फारसा खर्च येत नाही. उरलेले काम प्रेक्षकाची कल्पनाशक्ती करते, आणि तिचे मोल निर्मात्याला द्यावे लागत नाही.

हे गणित भारतात प्रथम रामसे बंधूंनी पुरतेपणी ओळखले. १९७० साली त्यांच्या वडिलांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट कोसळला, परंतु त्यातील मुखवटाधारी पृथ्वीराज कपूर यांच्या एका प्रसंगासाठी प्रेक्षक येत असल्याचे मुलांच्या ध्यानी आले. त्यातूनच १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ हा भयपट निघाला. मोजकी मंडळी बसमधून महाबळेश्वरला गेली आणि साडेतीन लाख रुपयांच्या आसपास चित्रपट पुरा झाला, असे सांगितले जाते. लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन व दिग्दर्शन ही कामे सात भावांनी वाटून घेतली होती. कुटुंबाचे श्रम हेच त्यांचे भांडवल होते. शेतीच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्याला ही रीत अपरिचित वाटू नये.

याच काटकसरीची पुढची पायरी म्हणजे अनेक भयकथा एका सूत्रात ओवलेला चित्रपट. ब्रिटनमधील अॅमिकस या लहान निर्मितीसंस्थेने १९६५ साली ‘डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स’ या चित्रपटात आगगाडीतील प्रवाशांच्या पाच कथा गुंफल्या. त्यामागे कलाविचाराइतकाच हिशेबही होता. एकेका कथेपुरते नामवंत नट थोड्या दिवसांसाठी बोलावता येत आणि जाहिरातीत मात्र सर्वांची नावे झळकत. हिंदीत २००३ साली प्रवाल रमण यांनी ‘डरना मना है’ मध्ये सहा कथांची अशीच माळ ओवली. मराठीतही हा घाट परका नाही. २०१५ सालच्या ‘बायोस्कोप’ मध्ये चार दिग्दर्शकांचे चार लघुपट एकत्र आले. त्यांपैकी ‘बैल’ ला नागपूरचे कवी लोकनाथ यशवंत यांच्या कवितेचा आधार होता. तो भयपट नव्हता, पण जोखीम वाटून घेण्याचे तत्त्व तेच. एक कथा फसली तरी दुसरी तारून नेते. नवोदित दिग्दर्शकाला अडीच तासांऐवजी अर्ध्या तासाची परीक्षा देता येते. पैसे टप्प्याटप्प्याने उभे करता येतात.

कच्च्या मालाची तर मराठीत ददातच नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा व गूढकथा वाचत दोन पिढ्या वाढल्या आहेत. या संपत्तीचे पुढे काय होते, हे पाहण्यास ‘तुंबाड’ चे उदाहरण पुरे आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात, म्हणजे विदर्भाच्याच जंगलात, राही अनिल बर्वे यांना एका मित्राने धारपांची एक कथा सांगितली. त्या बीजातून १९९७ साली पहिला मसुदा तयार झाला. अनेक निर्मात्यांनी अंग काढून घेतले. २०१२ साली झालेले चित्रीकरण २०१५ मध्ये पुन्हा करावे लागले आणि १९१८, १९३३ व १९४७ अशा तीन खंडांत मांडलेला हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला, तो हिंदीत. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ या लहान मराठी भयपटाची वाटही निराळी नाही. २०१७ साली तो चित्रगृहांत आला, आणि पुढे त्याच दिग्दर्शकाला तीच कथा ‘छोरी’ या नावाने २०२१ साली हिंदीत करता आली. कथा इथली, माणसेही इथली, पण मोठी बाजारपेठ मात्र दुसऱ्या भाषेची, असा हा व्यवहार आहे.

मग अडसर कोठे आहे? तो चित्रपट बनविण्यात नसून दाखविण्यात आहे. निर्मितीचा खर्च आटोक्यात ठेवता येतो, प्रदर्शनाचा नाही. डिजिटल प्रक्षेपणासाठी पडद्यामागे द्यावा लागणारा आकार लहान निर्माता आहे म्हणून माफ होत नाही. हिंदी चित्रपटांसाठी २००९ साली संपानंतर निर्माते आणि बहुपडदा चित्रगृहे यांच्यात जी तडजोड झाली, तिच्यानुसार पहिल्या आठवड्याच्या निव्वळ उत्पन्नातील ५० टक्के वाटा वितरकाकडे जातो. दुसऱ्या आठवड्यात तो ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के होतो. या प्रतवारीचा अर्थ उघड आहे. जाहिरातीच्या बळावर पहिल्याच आठवड्यात गर्दी खेचणाऱ्याला ती लाभते, तर प्रेक्षकांच्या तोंडी शिफारशीवर हळूहळू वाढणाऱ्या चित्रपटाच्या पदरी, त्याचा बहर येतो नेमका तेव्हाच, कमी वाटा पडतो. ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. याचा अर्थ प्रेक्षक नव्हता असे नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याइतका अवधी बाजाराने दिला नव्हता, इतकेच.

नागपूरच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ‘सी. पी. अँड बेरार’ हा प्रांत १९५० साली नकाशावरून पुसला गेला, तरी चित्रपटांच्या वितरणव्यवसायात ‘सी. पी. बेरार’ हे क्षेत्र त्याच नावाने टिकून राहिले आणि अमरावती हे त्याचे जुने केंद्र ठरले. मुंबईत बनलेला माल खपविण्याचा प्रदेश, एवढीच विदर्भाची ओळख या व्यवस्थेत राहिली. इथला माल बाहेर नेण्याचा मार्ग तिने आखलाच नाही.

प्रांतिक शहरातून भयपट निघूच शकत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. अमेरिकेतील पिट्सबर्ग या पोलादनगरीत जाहिरातपट करणाऱ्या जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर्समध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ बनविला. तो जगभर गाजला. परंतु वितरकाने शीर्षक बदलताना स्वामित्वहक्काची सूचना वगळली आणि त्या काळच्या कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. कीर्ती निर्मात्यांना मिळाली, उत्पन्नाचा मोठा भाग इतरांनी नेला. निर्मिती जिंकूनही वितरणात हरता येते, हा त्यातला धडा आहे.

भुताखेतांच्या चित्रपटांसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा, असा आक्षेप येईल. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात तो गैरही नाही. परंतु ‘लपाछपी’ चा खरा विषय स्त्रीभ्रूणहत्या हा आहे आणि ‘तुंबाड’ चा विषय लोभ. उत्तम भयकथा अंधश्रद्धा पोसत नाही. समाज ज्याविषयी मोकळेपणाने बोलत नाही, ते ती बोलून दाखविते.

शासनाने १९७५ साली मराठी चित्रपटांसाठी करपरतीची योजना आणली आणि पुढे दर्जानुसार अनुदान सुरू केले. हे सारे साहाय्य निर्मितीच्या बाजूचे आहे. प्रदर्शनाच्या बाजूने एप्रिल २०१५ मध्ये सायंकाळच्या मुख्य वेळेतील खेळाची सक्ती जाहीर झाली, पण वादानंतर ती सौम्य करून दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेवर आणण्यात आली. सक्तीने पडदा मिळतो, आठवडे मिळत नाहीत. त्यापेक्षा अनुदानाचा काही भाग प्रक्षेपणाचा आकार भरण्यासाठी आणि लहान चित्रपटाला किमान तीन आठवडे एक खेळ मिळवून देण्यासाठी राखून ठेवावा. नागपुरात महापालिकेचे सुरेश भट सभागृह आणि शासनाचे वसंतराव देशपांडे सभागृह आहे. त्यांतील मोकळे दिवस नाममात्र भाड्याने अशा खेळांना देण्यास नव्या बांधकामाची गरज नाही. चार तरुणांनी चार कथा चित्रित केल्या, तर त्या दाखवायला आपल्या गावात जागा आहे, एवढा भरवसा त्यांना मिळाला पाहिजे. तो नसेल, तर नागझिऱ्यात सांगितलेल्या गोष्टी पुढेही परक्या पत्त्यावरूनच इथे परत येतील.